शिव्यांच्या टाळ्या कशा होतात

२३ मार्च १९९७. शिकागोजवळच्या रोझमॉन्ट होरायझन या स्टेडियममध्ये रेसलमेनिया १३ हा व्यावसायिक कुस्तीचा मोठा सोहळा चालू आहे. रिंगच्या मधोमध स्टीव्ह ऑस्टिन पालथा पडलाय आणि ब्रेट हार्टने त्याला शार्पशूटरमध्ये धरलंय. या डावात समोरच्याचे पाय आपल्या एका पायाभोवती अडकवायचे, त्याला पालथं घालायचं आणि मागे कलत खाली बसायचं. सगळा ताण त्याच्या कंबरेवर येतो. ऑस्टिनच्या कपाळातून निघालेलं रक्त घामात मिसळून दातांपर्यंत आलंय. सामना सबमिशनचा, म्हणजे हार मानल्याशिवाय सुटका नाही. तो हात टेकून जोर लावतो, पकड क्षणभर सैल होते, हार्ट पुन्हा बसतो. ऑस्टिन हार मानत नाही. अखेर त्याची शुद्ध हरपते आणि पाहुणा रेफरी केन शॅमरॉक सामना थांबवतो.

आत येताना ऑस्टिन खलनायक होता आणि हार्ट नायक. बाहेर जाताना हार्टची हुर्यो उडाली आणि ऑस्टिनच्या नावाचा गजर झाला. या धंद्याच्या बोलीत नायक म्हणजे ‘फेस’, खलनायक म्हणजे ‘हील’ आणि पक्ष बदलणं म्हणजे ‘टर्न’. इथे एकाच सामन्यात दोघांची अदलाबदल झाली, म्हणून ‘डबल टर्न’. निकाल आधी ठरलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेक्षकांच्या तोंडून निघणारा आवाज मात्र कागदावर लिहून ठरवता येत नाही.

गंमत अशी, की ऑस्टिन तसूभरही सुधारला नव्हता. शुद्धीवर आल्यावर त्याने मदतीला आलेल्या रेफरीलाच स्टनर हा आपला ठेवणीतला डाव हाणला आणि लंगडत, स्वतःच्या पायांनी निघून गेला. माफी नाही, हस्तांदोलन नाही, लोकांकडे बघून हात हलवणं तर नाहीच. अर्ध्या तासापूर्वी ज्याला लोक माज म्हणत होते, त्यालाच आता जिगर म्हणू लागले. माणूस तोच होता, त्याच्याकडे बघणाऱ्यांचा हिशेब फिरला होता.

हा हिशेब मेंदू कसा करतो, याचा एक जुना प्रयोग आहे. १९६५ मध्ये इलियट अ‍ॅरन्सन आणि डार्विन लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी ८० विद्यार्थिनींना, एक अनोळखी मुलगी आपल्याबद्दल काय बोलते ते सात वेळा ‘चोरून’ ऐकू दिलं. ती मुलगी अर्थात प्रयोगकर्त्यांना सामील होती. एका गटाने सातही वेळा स्तुती ऐकली, दुसऱ्याने फक्त टीका. तिसऱ्या गटात टीकेपासून सुरुवात होऊन मत हळूहळू स्तुतीकडे झुकलं आणि चौथ्यात नेमकं उलट. मग ‘ती तुम्हाला किती आवडली?’ असं विचारलं, उणे १० ते अधिक १० या मापावर. सतत स्तुती करणारीला ६.४२ गुण मिळाले. आधी टीका आणि मग स्तुती करणारीला ७.६७, म्हणजे एकूण स्तुती कमी करूनही जास्त! सतत टीका करणारी २.५२ वर राहिली आणि स्तुतीवरून टीकेवर घसरलेली सगळ्यात खाली, ०.८७ वर.

नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी इतका ठळक दिसला नाही. शिवाय तिथे मत त्या मुलीचं बदलत होतं, आखाड्यात ते प्रेक्षकाचं बदलतं. तरी आपण माणसाची उंची कमी आणि चढण जास्त मोजतो, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडतं. चौथ्या गटाचा आकडा आठवा: हार्ट त्यातला. म्हणूनच डबल टर्नमध्ये खाली येणाऱ्याचा राग जन्मजात खलनायकापेक्षाही जास्त येतो.

पण चढण आपोआप तयार होत नाही. करमणुकीच्या मानसशास्त्रात डॉल्फ झिलमन यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या मांडणीनुसार प्रेक्षक सतत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला असतो. आधी तो पात्राच्या वागण्याला पसंती देतो किंवा नाकारतो, आणि मग त्यानुसार त्याचं भलं किंवा वाईट चिंततो. म्हणजे खलनायकाला वर आणायचं तर त्याच्या पापांहून मोठा अन्याय त्याच्यावर व्हायला हवा. सामना संपल्यावरही हार्ट बेशुद्ध ऑस्टिनवर तुटून पडला आणि शॅमरॉकला त्याला ओढून बाजूला फेकावं लागलं, ते याचसाठी. तिथे हार्टने हात मिळवला असता तर तो एक उत्तम सामना झाला असता, टर्न झाला नसता.

आता धक्क्याकडे वळू. याच सामन्याच्या नऊ दिवस आधी, १४ मार्च १९९७ ला, ‘सायन्स’ या नियतकालिकात वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांचा लेख छापून आला. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात संदेश पाठवतात. रसाआधी दर वेळी तीच खूण दिली, की काही काळाने त्या खुणेलाच प्रतिसाद देतात, रसाला नाही. खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या मंदावतात. म्हणजे या पेशी सुखापेक्षा अंदाज आणि वास्तव यांतला फरक मोजतात. माकडाच्या रसावरून थेट स्टेडियमवर उडी मारू नये, हे खरं. पण टर्न लिहिणाऱ्यासाठी एक गोष्ट यातून कळते: अंदाज आधी शिकवावा लागतो, तेव्हाच तो मोडता येतो.

बटिस्टाचा अंगठा हा त्याचा नमुना. ऑगस्ट २००४ मध्ये बटिस्टा या मल्लाने आपल्याच टोळीतल्या रँडी ऑर्टनला जल्लोषात खांद्यावर घेतलं. टोळीचा म्होरक्या ट्रिपल एच याने आधी अंगठा वर केला, मग खाली, आणि ऑर्टन आपटला गेला. खूण रुजली. २१ फेब्रुवारी २००५ ला टेबलावर दोन करारपत्रं होती, रेसलमेनियात कोणाशी लढायचं ते ठरवणारी, आणि बटिस्टाने कोणतं निवडावं, हे ट्रिपल एचने मनात पक्कं केलं होतं. बटिस्टाने अंगठा वर केला. ट्रिपल एच निर्धास्त झाला. मग अंगठा सावकाश खाली वळला. पुढे ट्रिपल एच टेबलावर आपटून टेबल मोडलं, पण गर्जना अंगठा वळतानाच उठली होती. खुणेलाच प्रतिसाद!

टर्न सामन्याच्या शेवटी का घेतात, याचंही उत्तर झिलमन यांच्याकडेच आहे. त्यांच्या प्रयोगांत दिसलं, की सायकल चालवून वाढलेली धडधड ओसरायला वेळ लागतो. मधे एक टप्पा असा येतो, की शरीर अजून तापलेलं असतं पण माणसाला वाटतं आपण शांत झालो. त्या टप्प्यात दाखवलेली चित्रफीत त्याला जास्त उत्तेजक वाटते, कारण उरलेल्या धडधडीचं श्रेय तो समोरच्या गोष्टीला देतो. वीस मिनिटं आरडाओरडा केलेल्या प्रेक्षकाचं हेच होतं. म्हणून मारामारी आणि टर्न यांच्यात छोटी शांतता ठेवतात. ती लांबली की शरीर थंड पडतं आणि सगळं मुसळ केरात.

बिघडतं कुठे? सर्वात मोठी चूक म्हणजे टर्न झाल्याबरोबर माणसाला गोड करून टाकणं. त्याचे डाव, चाल, तिरकस जीभ हेच लोकांना आवडलेलं असतं आणि नेमकं तेच कापलं जातं. दुसरी चूक वारंवारतेची. बिग शो हा मल्ल इतक्या वेळा इकडून तिकडे गेला, की तो बदलेल हाच अंदाज झाला. मग चुकायला उरलं काय? आणि तिसरी, नायक वरून लादणं. २५ जानेवारी २०१५ ला फिलाडेल्फियात रोमन रेन्सने रॉयल रंबल ही अनेक मल्लांची झुंज जिंकली. त्याचा हात उंचवायला लोकांचा लाडका मल्ल द रॉक खुद्द आला, तरी लोकांनी हुर्यो थांबवली नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठायला प्रेक्षक तयार नव्हता.

उलट फार थोड्यातही काम होतं. २४ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये खलनायक रँडी सॅव्हेज अल्टिमेट वॉरियरकडून हरला. अट अशी होती, की हरणाऱ्याने निवृत्त व्हायचं. त्याची चिडलेली मॅनेजर शेरी त्याला लाथा घालू लागली. तेव्हा प्रेक्षकांत बसलेली मिस एलिझाबेथ, त्याची जुनी साथीदार, धावत येऊन तिला रिंगबाहेर काढते. दोघं भेटतात, लोक चक्क रडतात. मग निघायची वेळ येते. वर्षानुवर्षांच्या सवयीने एलिझाबेथ दोर उचलून धरायला जाते, त्याने बाहेर पडावं म्हणून. सॅव्हेज तिला थांबवतो, आणि दोर स्वतः धरून तिला आधी जाऊ देतो.