पीडीएफ फुकट, मग झेरॉक्सला गर्दी का?

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागात अभ्यासिकांच्या आसपास झेरॉक्सचं दुकान हटकून असतंच. एमपीएससीच्या नोट्स टेलिग्रामवर फुकट मिळतात आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्या पडलेल्याही असतात. तरीही मुलं फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲप करतात, बॅक टू बॅक प्रिंट काढतात आणि स्पायरल मारून घेतात. महिन्याचा खर्च पै-पै मोजून करणारी ही मुलं प्रिंटवर मात्र पैसे घालतात. विचारलं तर म्हणतात, 'मोबाइलवर वाचलेलं डोक्यात बसत नाही.' ही नुसती सवय की त्यात खरंच काही तथ्य आहे?

तथ्य आहे. 2000 ते 2017 या काळातले 54 अभ्यास एकत्र करून पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हिशेब मांडला. एकूण सहभागी 1 लाख 70 हजारांहून अधिक. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो जास्त चांगला समजला. फरक फार मोठा नाही, पण पुन्हा पुन्हा दिसणारा आहे. गोष्ट वाचताना तो दिसला नाही. माहितीपर मजकुरात, म्हणजे नेमका अभ्यासाच्या मजकुरात, दिसला. आणखी एक निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्क्रीनची सवय वाढेल तसा हा फरक पुसला जाईल, अशी अपेक्षा होती. या 18 वर्षांत तो उलट वाढला. 'आजची मुलं मोबाइल हातात घेऊनच जन्माला आली, त्यांना काही अडत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कारण डोळ्यांत शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. इस्रायलमधल्या राकेफेट अकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी 2011 मध्ये विद्यार्थ्यांना पाठ्यमजकूर दिला, काहींना कागदावर, काहींना संगणकावर. वाचायला ठरावीक वेळ दिला तेव्हा दोन्ही गट बरोबरीत राहिले. 'हवा तेवढा वेळ घ्या' म्हटल्यावर मात्र स्क्रीनवाले मागे पडले. त्यांनी वाचन लवकर आटोपलं होतं. परीक्षेआधी 'किती गुण पडतील?' असं विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलेला अंदाज प्रत्यक्ष गुणांपेक्षा बराच वर होता. म्हणजे स्क्रीनवर 'झालं, समजलं' ही भावना खऱ्या समजेच्या आधीच येऊन बसते. मेसेज, बातम्या, रील्स असं सगळं ज्या काचेवर आपण वरवर चाळतो, तिच्यावर प्रकाशसंश्लेषणाचा धडाही त्याच चालीने चाळला जातो, असा संशोधकांचा तर्क आहे.

दुसरं कारण जागेचं. परीक्षेत उत्तर आठवत नाही, पण ते डाव्या पानावर, खालच्या बाजूला, आकृतीच्या शेजारी होतं हे पक्कं आठवतं, असा अनुभव कुणाला नाही? अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी 1971 मध्येच हे तपासलं होतं. जागा लक्षात ठेवा असं कुणी सांगितलेलं नसतानाही वाचकांना माहिती पानावर कुठे होती हे निव्वळ अंदाजापेक्षा बरंच चांगलं आठवलं. मोबाइलवर मजकूर वर सरकवत नेला की ही खूण जाते, कारण तीच ओळ कधी वर असते, कधी खाली. 2019 मध्ये नॉर्वेच्या ॲन मॅन्गेन आणि सहकाऱ्यांनी 50 जणांना 28 पानांची रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणावर. बहुतेक चाचण्यांत दोघे सारखेच निघाले. पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे लावताना छापील पुस्तकवाले सरस ठरले. किती पानं झाली, किती उरली हे त्यांच्या बोटांना कळत होतं.

इथे किंडलला मोबाइलच्या पंक्तीत बसवणं मात्र अन्यायाचं आहे. त्याच्या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत द्रवात तरंगणारे पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा दाब बदलला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. अक्षरं एकदा उमटली की ती टिकवायला वीज लागतच नाही. कागदासारखी ती बाहेरच्या उजेडात दिसतात. टॅब्लेटचं तसं नाही. बॉस्टनमध्ये 12 जणांना रोज झोपण्याआधी चार तास पूर्ण उजेडावर आयपॅड वाचायला दिला, तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप सुमारे 10 मिनिटं उशिरा लागली आणि झोपेची वेळ ठरवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचं चक्र सुमारे दीड तास पुढे सरकलं. हा प्रयोग लहान होता, पण परीक्षेच्या हंगामात रात्री टॅब घेऊन बसणाऱ्यांनी दुर्लक्ष करावं असाही नाही.

किंडलची खोट वेगळीच. सहा-सात इंची पडद्यावर बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडून बघा. अख्खं पान बसवलं तर अक्षरं मुंगीएवढी, मोठी केली तर अर्धी ओळ बाहेर, आणि साध्या, बिनरंगी किंडलवर रंगीत नकाशा करड्या छटांचा.

कागदाचे तोटे पालक रोज उचलतात, अगदी शब्दशः. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून राज्यात 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यातच कोरी पानं जोडली गेली; जानेवारी 2025 मध्ये ती योजना गुंडाळली. ई-बालभारतीवरची पुस्तकं मात्र फुकट आहेत, आणि गावात पुस्तक पोचलं नसेल तर स्क्रीन की कागद हा वाद घालण्यात अर्थच नाही.

शोध घेण्यात तर स्क्रीनला तोड नाही, असं इंग्रजी पुस्तकांबद्दल म्हणता येतं. मराठीत इथेच घोडं अडतं. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या कित्येक पीडीएफमध्ये 'अपवर्तन' शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण दिसायला देवनागरी असली तरी आत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे असतात. स्कॅन केलेली प्रत म्हणजे तर नुसता फोटोच. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मग निरर्थक बडबड करू लागतं. ज्याला डिजिटल पुस्तकाची सर्वांत जास्त गरज, त्याचीच अडचण.

ज्यांना स्क्रीनवरच अभ्यास करावा लागतो, त्यांच्यासाठी अकरमन यांच्याच पुढच्या कामात एक साधा उपाय आहे. 2014 च्या प्रयोगात लॉटरमन आणि अकरमन यांनी विद्यार्थ्यांना मजकूर वाचून झाल्यावर, थोड्या वेळाने, त्याचं सार सांगणारे मोजके शब्द लिहायला लावले. तेवढ्याने कागद आणि स्क्रीनमधला फरक मिटला. फाइल बंद करून, न बघता चार शब्द वहीत उतरवायचे. ते सुचेनात, तर तो भाग पुन्हा वाचायचा.