संभाव्य आणि अनियत निवडीच्या प्रोग्रॅमचे अर्थविज्ञान

प्रोग्रॅम नाणे उडवून पुढचे पाऊल ठरवतो, तेव्हा ती संभाव्य निवड; छापा-काट्याचे प्रमाण तिथे ठाऊक असते. अनियत निवडीत प्रमाणच नसते. दोन वाटांपैकी एक घेतली जाईल, एवढेच कळते. लेमन आणि राबिन यांच्या १९८१ च्या रीतीत जेवणाऱ्या तत्त्वज्ञांपैकी (गोल टेबलाभोवती बसून शेजाऱ्यांशी काटे वाटून घेणाऱ्यांचे हे प्रसिद्ध कोडे) प्रत्येक जण आधी डावा काटा उचलायचा की उजवा, हे नाणे उडवून ठरवतो. पाळी कोणाची, हे मात्र शेड्यूलरच्या, म्हणजे पाळ्या लावणाऱ्या यंत्रणेच्या, मर्जीवर. अशा प्रोग्रॅमचा नेमका गणिती अर्थ काय, हा या विषयाचा प्रश्न.

दोन्ही निवडी सुट्या असताना वाट सरळ होती. डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये अनियत निवडीला ‘दुर्बलतम पूर्वअट’ (हवा तो निकाल नक्की मिळावा म्हणून सुरुवातीला लागणारी कमीत कमी अट) या कल्पनेतून अर्थ दिला आणि कोझेन यांनी १९७९ मध्ये संभाव्य प्रोग्रॅमना. मॉर्गन, मॅकायव्हर आणि सायडेल यांनी १९९६ मध्ये दोन्ही एकत्र आणल्या. त्यांच्या मांडणीत अटीच्या जागी संख्या येते, म्हणजे हव्या त्या निकालाची किती खात्री देता येते ते : संभाव्य निवडीसाठी भारित सरासरी घ्यायची, अनियत निवडीसाठी लहानातली लहान किंमत. निवडणारा आपल्या वाईटावरच टपलेला आहे, असे धरून चालायचे.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. समजा, क्ष ची किंमत नाणे उडवून ० किंवा १ ठरते, य ची अनियतपणे, आणि दोन्ही सारखी यावीत अशी आपली इच्छा आहे. य आधी ठरला, तर नाण्यापुढे निवडणाऱ्याचे काही चालत नाही. खात्री १/२ ची. नाणे आधी पडले, तर तो ते पाहून मुद्दाम उलट आकडा धरतो. खात्री ० ची. ओळी त्याच, फक्त वरखाली झाल्या.

खरी अडचण नियमांत आहे. ‘अ किंवा ब’ या अनियत निवडीच्या दोन प्रतींमध्ये नाणे उडवले, तर मूळ निवडच परत मिळायला हवी. पण नाणेफेक अनियत निवडीच्या आत वाटून दिली, की चार पर्याय निघतात : अ, ब, आणि दोनदा ‘अर्धा अ, अर्धा ब’. हे मिश्रण तर आपण मागितलेच नव्हते! प्लॉटकिन यांनी दाखवले की संभाव्यता आणि संच यांच्या नेहमीच्या रचना असे आत वाटून देण्याच्या नियमाने जोडता येतच नाहीत. बहुतेकांनी मिश्रणे मान्य केली आणि संभाव्यता-वितरणांचे बहिर्वक्र संच (ज्यांत कोणत्याही दोहोंचे मिश्रणही असतेच) घेतले. मॉर्गन प्रभृतींची मांडणी याच वाटेची, आणि निवडणाराही मनाशी नाणे उडवू शकतो हे पाहता ती मला अधिक स्वाभाविक वाटते. वराक्का आणि विन्स्केल यांनी उलट बाजूने सोडवणूक केली : ‘अ आणि अ यांत नाणेफेक म्हणजे अ’ हा नियमच त्यांनी सोडला. त्यांच्या अर्थविज्ञानात नाणे उडवल्याची खूण शिल्लक राहते, निकाल दोन्हीकडे एकच असला तरी.