क्रूझरचा टाचेचा गिअर: काढण्यामागची पार्श्वभूमी

पुण्यात नवी क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायची मोटरसायकल, घेतलेले बरेच जण गिअर लिव्हरचा मागचा, टाचेने दाबायचा भाग काढायच्या विचारात असतात. जाड बूट घातला की पाय मागे घ्यायला जागा उरत नाही. ताम्हिणीकडे लांब जाताना पाय जरा सरकवला, टाच लागली, की नको तेव्हा गिअर पडतो.

हा मागचा भाग आला तो फूटबोर्डाच्या गाड्यांमुळे. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांना आधी हाताचा गिअर आणि पायाचा क्लच असे. हार्लेच्या मोठ्या इंजिनांना पायाचा गिअर १९५२ मध्ये मिळाला. सपाट फूटबोर्डावर पाय टेकून बसलेल्याला पंजा लिव्हरखाली घालणं अवघड जातं, ते टाचेने सुटतं.

आपल्याकडे टाचेला सवय लागली ती वेगळ्याच वाटेने. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे होता आणि शेजारी न्यूट्रलची वेगळी लिव्हर. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून टाचेने ती दाबली की गाडी थेट न्यूट्रलला. मग १९८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या. त्यातल्या सगळ्यात खपलेल्या गाड्यांचे चारही गिअर पंजाने खाली दाबून पडत आणि टाचेने कमी होत. चप्पल घालून, पॉलिश केलेले बूट न खरवडता ऑफिसला जाता येई. क्रूझरवर हे नेमकं उलट आहे: पहिला खाली, बाकीचे वर, म्हणजे टाच दाबली की गिअर वाढतो. ज्याची टाच वर्षानुवर्षं गिअर कमी करायला शिकली, त्याचा सिग्नलजवळ गोंधळ होतो तो यामुळे. २०२० मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्डची मिटिऑर आणि होंडाची हायनेस या दोन्ही साडेतीनशे सीसी गाड्यांना टाच-पंजाची लिव्हर होती. तेव्हापासून हा विषय आपल्याकडे जास्तच ऐकू येतो.

खरा वाद मात्र कायद्याचा आहे: टाचेची लिव्हर काढणं बेकायदा फेरफार ठरतं का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या फेरफाराबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालाने स्पष्ट केलं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार चालणार नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून कलम १८२अ लागू झालं: बेकायदा फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर कारवाई सुरू असताना लोकांनी या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या आणि एक नटही बदलायचा नाही अशी समजूत पसरली. कायद्याचे शब्द तसे नाहीत. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. टाचेची लिव्हर नोंदणी प्रमाणपत्रावर नसते. ती काढल्याने इंजिन, चासी, आवाज, धूर, ब्रेक यांतलं काहीच बदलत नाही, आणि गिअर पंजाने पडतातच. तिला सायलेन्सरच्या रांगेत बसवणं माझ्या मते अन्यायाचं आहे. साडी गार्डची गोष्ट वेगळी. मागे बसणाऱ्याच्या संरक्षणाचं, निम्म्याहून कमी नाही इतकं मागचं चाक झाकणारं साधन केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागतो, त्यामुळे तो काढणं थेट नियमाविरुद्ध जातं. गॅरेजात दोन्ही कामं एकाच दमात सांगितली जातात, हे वाईट आहे.

काढण्याची रीत गाडीगणिक वेगळी. फूटबोर्डाच्या मोठ्या हार्लेंवर पंजाची आणि टाचेची लिव्हर एकाच शाफ्टच्या दात्यांवर सुट्ट्या बसतात, म्हणून मागची काढून तिच्या जागी स्पेसर, म्हणजे रिकामी जागा भरणारी कडी, घालतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर लिव्हर अखंड असते. तिथे काही जण ग्राइंडरने मागचा हात कापून टाकतात. कडा बुटात घुसते, कापल्या जागी गंज धरतो. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत फिरून त्याच शाफ्टला बसणारी सिंगल लिव्हर शोधलेली बरी. मूळ लिव्हर मात्र घरी जपून ठेवतात, गाडी विकताना घेणारा हमखास तीच मागतो.