ड्रॅग स्टोरी अवर आणि त्यावरील वाद

ड्रॅग कलाकारांनी पूर्ण वेशभूषेत लहान मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवण्याचा उपक्रम ‘ड्रॅग स्टोरी अवर’ या नावाने ओळखला जातो. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला हा उपक्रम काही वर्षांतच अमेरिकेच्या अनेक शहरांत व पुढे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी या देशांत पोहोचला आणि २०२२-२३ च्या सुमारास अमेरिकेतील अतिशय कडवट सांस्कृतिक वादांपैकी एकाचे केंद्र बनला. पुस्तकांच्या निवडीवरही अधूनमधून आक्षेप घेतले गेले. परंतु भांडणाचा खरा भर वाचणाऱ्या व्यक्तीवर आणि त्याहूनही अधिक, करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या ग्रंथालयातील खोली कोणाला मिळावी व मुलाने तेथे काय पाहावे हे कोणी ठरवावे, या प्रश्नावर राहिला.

ड्रॅगमध्ये पुरुष कलाकार बहुधा भडक रंगभूषा, उंच केसांचा टोप आणि चमचमते झगे घालून स्त्रीरूपातील एक अतिरंजित पात्र उभे करतो. पुरुषी पात्र रंगवणाऱ्या कलाकारांना ‘ड्रॅग किंग’ म्हणतात. मराठी वाचकाला येथे बालगंधर्वांची आठवण होणे साहजिक आहे, पण दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. संगीत नाटकातील स्त्रीपार्टी नटाचे यश प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पाडण्यात होते, तर ड्रॅगमध्ये सोंग हे सोंग म्हणून दिसणे हीच गंमत असते. शिवाय या कलेची आधुनिक वाढ मुख्यतः समलिंगी समाजाच्या क्लबांत, रात्रीच्या कार्यक्रमांत झाली आणि तेथील विनोद पुष्कळदा चावट असतो. विरोधकांच्या संशयाचे मूळ या पार्श्वभूमीत आहे. कलाकार प्रेक्षक पाहून कार्यक्रम बदलतो, रात्रीच्या मैफलीतला विनोद सकाळी मुलांपुढे आणत नाही, असे समर्थकांचे त्यावर उत्तर असते.

उपक्रमाची कल्पना लेखिका मिशेल टी यांची. त्या नुकत्याच आई झाल्या होत्या, आणि ग्रंथालयांतील मुलांचे कार्यक्रम त्यांच्यासारख्या समलिंगी कुटुंबांना परके वाटतात अशी त्यांची तक्रार होती. रडार प्रॉडक्शन्स या साहित्यविषयक संस्थेच्या मदतीने पहिले वाचन शहरातील समलिंगी वस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅस्ट्रो भागात, समलिंगी हक्कांचे नेते हार्वी मिल्क यांचे नाव असलेल्या ग्रंथालय शाखेत झाले. सुरुवातीचे नाव ‘ड्रॅग क्वीन स्टोरी अवर’ असे होते. सर्व प्रकारच्या कलाकारांचा समावेश व्हावा म्हणून २०२२ मध्ये ते बदलण्यात आले. प्रत्यक्ष कार्यक्रम बाहेरच्या गदारोळाच्या मानाने अगदी साधा असतो. मुले बालविभागातील गालिच्यावर बसतात, पालक मागे उभे राहतात किंवा मांडीवर मूल घेऊन बसतात. कलाकार दोन-तीन चित्रपुस्तके वाचतो, मध्ये हातवारे करत म्हणायचे एखादे गाणे होते आणि शेवटी कागदी मुकुट रंगवण्यासारखे काही काम असते. मुलाला घेऊन यायचे की नाही हे पालकच ठरवतात. या शेवटच्या मुद्द्यावर समर्थकांचा बराच युक्तिवाद उभा आहे.

विरोधकांत एकच एक मत नाही. धार्मिक परंपरावाद्यांना मुलांना स्त्री-पुरुष भेदाविषयी संभ्रमात टाकणे अनुचित वाटते. काहींचा आक्षेप फक्त सार्वजनिक निधीला आहे. न्यूयॉर्कमध्ये नगर परिषदेतून मिळणाऱ्या अनुदानावर २०२२ मध्ये अशीच टीका झाली. ब्रिटनमधील काही स्त्रीवादी ड्रॅगला स्त्रीचे विडंबन मानतात आणि म्हणून ते मुलींपुढे नको म्हणतात. समर्थकही एका सुरात बोलत नाहीत. बहुतेक संयोजक हा वाचनाची गोडी लावणारा निरुपद्रवी कार्यक्रम असल्याचे सांगतात. मात्र शिक्षणतज्ज्ञ हार्पर कीनन आणि उपक्रमाशी जोडलेली कलाकार लिल मिस हॉट मेस यांनी २०२१ मध्ये एका शैक्षणिक नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, ड्रॅग हे रूढ लिंगभेदाच्या चौकटीवर प्रश्न विचारायला शिकवणारे अध्यापन आहे, अशी मांडणी केली. विरोधकांनी, विशेषतः पत्रकार क्रिस्टोफर रुफो यांनी, हा लेख जणू कबुलीजबाब म्हणून वापरला. लेखाचा सूर आणि शनिवारी सकाळचा गालिचा यांत बरेच अंतर आहे. तरीही उपक्रमाला काही वैचारिक भूमिकाच नाही, असे म्हणणे त्या लेखानंतर अवघड झाले.

संयोजकांच्या हलगर्जीपणानेही विरोधाला बळ मिळाले. ह्यूस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचन केलेली एक व्यक्ती लैंगिक गुन्ह्यासाठी दोषी ठरल्याचे मार्च २०१९ मध्ये उघड झाले, आणि पार्श्वभूमीची तपासणी न केल्याबद्दल ग्रंथालयाला माफी मागावी लागली. तो एका ग्रंथालयाच्या कारभारातील दोष होता, पण पुढे कित्येक वर्षे संपूर्ण उपक्रमावरील आरोप म्हणून त्याचा उल्लेख होत राहिला.

२०१९ मध्येच वादाला तात्त्विक वळण लागले. सॅक्रामेंटोच्या ग्रंथालयातील अशा वाचनाची जाहिरात पाहून संतापलेले पत्रकार सोहराब अहमारी यांनी पुराणमतवाद्यांना उदारमतवादी तटस्थता, म्हणजे सरकारने सर्व मतांना सारखे वागवावे ही भूमिका, सोडून सत्तेचा वापर करण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी स्वपक्षीय वकील-लेखक डेव्हिड फ्रेंच यांनाच लक्ष्य केले. आपल्याला न आवडणाऱ्या गटाला खोली नाकारण्याचा अधिकार सरकारला दिला, तर उद्या तोच अधिकार ख्रिस्ती गटांविरुद्ध वापरला जाईल, असे फ्रेंच यांचे म्हणणे होते. धार्मिक विद्यार्थी संघटनांचे खटले त्यांनी याच तत्त्वावर लढवले होते. पुढील घटनांनी त्यांच्या म्हणण्याला पुष्टी मिळाली. २०२२ च्या अखेरीस अभिनेता कर्क कॅमेरॉन यांनी आपले ख्रिस्ती बालपुस्तक वाचण्यासाठी ग्रंथालयांकडे जागा मागितली, प्रथम अनेक ठिकाणी नकार मिळाला, आणि नंतर इंडियानापोलिससह काही ठिकाणी खोली मिळून मोठी गर्दी जमली.

निदर्शनांचे रूप २०२२ मध्ये बदलले. ११ जून रोजी कॅलिफोर्नियातील सॅन लोरेन्झो येथे प्राउड बॉइज या उजव्या गटाच्या पुरुषांची एक टोळी वाचन चालू असतानाच ग्रंथालयात शिरली आणि पांडा डल्से या कलाकारावर अर्वाच्य शिव्यांचा भडिमार करू लागली. कलाकाराला आतल्या खोलीत न्यावे लागले. टोळी बाहेर काढल्यावर वाचन पूर्ण करण्यात आले. डिसेंबरमध्ये ओहायोतील कोलंबस येथे सशस्त्र निदर्शक जमण्याच्या पार्श्वभूमीवर नाताळनिमित्तचे वाचन रद्द झाले. त्याच राज्यातील चेस्टरलँड येथे मार्च २०२३ मध्ये असा कार्यक्रम ठरवलेल्या चर्चवर पेट्रोलबाँब फेकण्यात आले. त्या प्रकरणी आरोपीला १८ वर्षांचा कारावास झाला.

कायद्यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. टेनेसीने मार्च २०२३ मध्ये केलेला कायदा देशभर ‘ड्रॅगबंदी’ म्हणून गाजला, परंतु त्याच्या मजकुरात कथावाचनाचा उल्लेखच नव्हता. अल्पवयीनांना हानिकारक अशा प्रौढ मनोरंजनावर सार्वजनिक जागी बंदी घालताना त्याने स्त्री किंवा पुरुषाची नक्कल करणाऱ्या कलाकारांना त्या व्याख्येत बसवले. चित्रपुस्तक वाचणे ‘हानिकारक’ ठरते का, याचे उत्तर कायद्यात नव्हते, आणि ही संदिग्धताच लोकांना धास्तावण्यास पुरेशी होती. संघीय न्यायाधीश थॉमस पार्कर यांनी जून २०२३ मध्ये कायदा संदिग्ध व अतिव्यापक म्हणून घटनाबाह्य ठरवला. पण २०२४ मध्ये अपील न्यायालयाने, अर्जदार नाट्यसंस्थेला दाद मागण्याचा अधिकारच नाही या कारणाने, तो निकाल फिरवला. कायदा घटनेत बसतो की नाही, हा मूळ प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. फ्लोरिडाच्या अशाच कायद्याची अंमलबजावणीही न्यायालयाने २०२३ मध्ये थांबवली.

कथावाचनाचे थेट नाव घेतले ते मोंटानाने. तेथील मे २०२३ च्या कायद्याने शाळा व ग्रंथालयांतील ड्रॅग कथावाचनावर बंदी घातली आणि ड्रॅग क्वीनची व्याख्या भपकेदार किंवा विडंबनात्मक स्त्रीपात्र आणि अतिरंजित वेशभूषा यांच्या आधारे केली. व्याख्या किती ताणता येते हे लगेच दिसले. ब्यूट येथील ग्रंथालयाने एका ट्रान्स स्त्रीचे इतिहासावरील व्याख्यान, जे ना ड्रॅग होते ना मुलांसाठीचे वाचन, कायद्याच्या भीतीने रद्द केले. त्याच वर्षी संघीय न्यायालयाने या कायद्याला मनाई हुकूम दिला.

अमेरिकेबाहेर कायद्यांपेक्षा निदर्शनेच जास्त झाली. ब्रिटनमध्ये आयडा एच. डी या कलाकाराचा २०२२ च्या उन्हाळ्यातील ग्रंथालय दौरा ठिकठिकाणी अडवला गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनाबाहेर दोन्ही बाजूंचे जमाव समोरासमोर आले. नाताळच्या पॅन्टोमाइममध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या विनोदी संगीत नाटकांत, बाईच्या वेशातील पुरुष पाहतच ब्रिटिश मुले पिढ्यानपिढ्या वाढली आहेत, याची समर्थकांनी तेथे आठवण करून दिली. म्युनिकमध्ये २०२३ साली खुद्द महापौरांनी अशा वाचनाविषयी नापसंती दर्शवली, तरी कार्यक्रम झाला. ऑकलंडच्या टे अटाटू भागात फेब्रुवारी २०२५ मध्ये डेस्टिनी चर्चशी संबंधित लोक एका ड्रॅग किंगच्या कार्यक्रमात घुसले, तेव्हा मुलांना व पालकांना एका खोलीत आतून दार अडवून बसावे लागले. कार्यक्रम कथावाचनाचाही नव्हता, विज्ञानाचा होता.

कॅनडातील कॅल्गरी शहराने वेगळा मार्ग घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका धर्मोपदेशकाने ग्रंथालयातील वाचनात व्यत्यय आणल्यानंतर नगर परिषदेने पुढच्याच महिन्यात उपविधी करून ग्रंथालये व क्रीडाकेंद्रांच्या प्रवेशद्वारापासून १०० मीटरच्या आत वंश, धर्म, लिंगभाव इत्यादी कारणांवरून केलेल्या विशिष्ट निदर्शनांना बंदी घातली. वाचनाच्या बाजूने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेणाऱ्यांपैकी काहींना ही मर्यादा आवश्यक वाटली, तर नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्यांनी, निदर्शनाचा विषय पाहून बंदी घालता येते का, असा प्रश्न उपस्थित केला.