नौकेवरील सौर पॅनल : निवड आणि आकारमान

लहान सागरी नौकेची रोजची विजेची गरज इंजिन न चालवता भागावी म्हणून तिच्यावर बसवलेली सौरघटांची तावदाने. साधारण ८ ते १४ मीटर लांबीच्या, माणसे जिच्यावर आठवडे किंवा महिने राहतात अशा शिडाच्या नौकेवर ती आता सर्रास दिसतात. घराच्या छतावरचे गणित मात्र इथे चालत नाही. छत एका जागी, एका दिशेला तोंड करून असते. नौका वाऱ्यासरशी नांगराभोवती फिरत राहते. तिच्यावर पॅनलसाठी फार तर दोन-तीन चौरस मीटर जागा मिळते आणि त्या जागेवरही डोलकाठी, बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) आणि डोलकाठीला धरून ठेवणारे तारांचे तणावे यांची सावली हिंडत असते. म्हणून पॅनलवर छापलेल्या वॅटइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व ते कुठे बसवले याला आहे.

सुरुवात करायची ती खर्चापासून. नौकेवरचा वीजखर्च बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीतून होतो आणि तो अँपिअर-तासांत (एक अँपिअर प्रवाह तासभर) मोजतात. नांगरावरचा एक साधा दिवस घेऊ. फ्रिज ४०, केबिनमधले दिवे व पंखा १०, फोन व लॅपटॉप १२, नौकांशी बोलण्याचा, नुसता ऐकत ठेवलेला व्हीएचएफ रेडिओ ५ आणि रात्रभर जळणारा एलईडीचा नांगरदिवा २, असे मिळून ७० च्या आत-बाहेर होतात. आता हीच नौका दिवसरात्र प्रवासात असेल तर? सरासरी ३ अँपिअर ओढणारा ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारे यंत्र) एकटाच २४ तासांत ७२ अँपिअर-तास खातो. त्यात नकाशादर्शक, प्रवासदिवे आणि चोवीस तास चालू असलेला रेडिओ धरला की बेरीज १६० च्या पुढे जाते. शिवाय शिडे उभारलेली असली की पॅनलवर त्यांची सावली पडते, म्हणजे गरज वाढते तेव्हाच उत्पन्न घटते. बहुतेक नौका वर्षातले जास्त दिवस नांगरावर काढतात, तेव्हा पॅनल नांगराच्या दिवसासाठी बेतावेत आणि लांबच्या प्रवासातली तूट इंजिनच्या अल्टरनेटरने भरून काढावी, हे शहाणपणाचे. प्रवासाच्या आकड्यामागे लागून सगळी नौका पॅनलने झाकली तर वावरायलाच जागा उरत नाही.

पॅनलवर १०० वॅट लिहिलेले असते ते प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत: दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. उन्हात तापलेला घट सहज ६० अंशांवर जातो आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे शक्ती ०.३ ते ०.५ टक्क्याने घसरते. वायर, बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर, मीठ, धूळ आणि तिरपे ऊन यांचाही वाटा जातो. उष्ण कटिबंधातल्या स्वच्छ दिवसाला पूर्ण प्रखर उन्हाचे ५ तास धरले आणि एकूण तूट ३० टक्के मानली, तर १०० वॅटच्या पॅनलमधून दिवसाला ३५० वॅट-तास, म्हणजे सुमारे २८ अँपिअर-तास हाती लागतात. या हिशोबाने ७० अँपिअर-तासांना २५० वॅट लागतात. पण आभाळ भरून आले की उत्पन्न पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून वरच्या नौकेला ३५० वॅट धरणे बरे. पॅनल सूर्याकडे कलते करण्याचे तक्ते इथे फारसे उपयोगी नाहीत. वारा फिरला की नौका फिरते आणि सकाळी सूर्याकडे असलेली बाजू दुपारी पाठ फिरवून बसते. आडवे, सपाट बसवलेले पॅनल थोडे कमी देते, पण कुठल्याही दिशेला देते.

सावलीचा विचार बारकाईने करावा लागतो, कारण घट एकामागे एक जोडलेले असतात आणि माळेतला सगळ्यात अंधारलेला घट उरलेल्यांचा प्रवाह अडवतो. यावर उपाय म्हणून पॅनलमध्ये बायपास डायोड असतात. ३६ घटांच्या, १८ व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या पॅनलमध्ये ते बहुधा दोन असतात, प्रत्येकी १८ घटांसाठी. एका अर्ध्यावर सावली आली की डायोड तेवढा भाग वगळतो, पण मग उरतात ९ व्होल्ट. तेवढ्यावर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही. एकटे पॅनल असेल तर उरलेल्या अर्ध्यावर लख्ख ऊन असूनही ते वाया जाते. तसे दोन पॅनल एकसरीत (एकामागे एक, म्हणजे व्होल्टची बेरीज होईल असे) जोडले असतील तर २७ व्होल्ट शिल्लक राहतात आणि चार्जिंग चालू राहते. म्हणून ‘नौकेवर सावली असते, तेव्हा समांतरच जोडा’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. प्रत्येक पॅनलला स्वतःचा कंट्रोलर देणे सर्वांत चांगले. तेही ३० व्होल्टच्या वर चालणारे, जास्त घटांचे पॅनल असेल तर उत्तमच.

सगळ्या सावल्या सारख्या नसतात. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाइतका रुंद दिसतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूची गडद सावली तिच्या रुंदीच्या शंभरेकपट अंतरापर्यंतच टिकते, पुढे ती विरघळत जाते. ८ मिलिमीटर जाडीच्या तणाव्याची सावली मीटरभराच्या आतच पातळ होते. मागच्या तणाव्याच्या अगदी बुडाशी बसवलेल्या पॅनलवर मात्र तीच तार काळी रेघ ओढते. बूम १२ सेंटिमीटर रुंद असते, तिची गडद सावली १२ मीटरपर्यंत जाते. म्हणजे नौकेवर कुठेही ती पूर्ण काळीच पडणार. दुपारी अँपिअरमीटरकडे नजर ठेवून बूम दोरीने एका बाजूला ओढून बांधून पाहावी. १२ वर अडकलेला काटा १९ वर चढतो तेव्हा आणखी एक पॅनल विकत घेण्याचा विचार मागे पडतो.

जागा म्हणून पिछाडीला उभारलेली पोलादी कमान सगळ्यात चांगली, कारण ती बूमच्या मागे असते. बिमिनीचे, म्हणजे बसण्याच्या जागेवरचे कापडी छत दुसऱ्या क्रमांकावर. कठड्याला टांगलेली पॅनल लाटेच्या आणि धक्क्याला लागताना घासण्याच्या वाटेत येतात. कमानीवर वजन आणि वाऱ्याचा जोर दोन्ही उंचावर जातात, तेव्हा बोल्ट आणि जोड वादळाला पुरतील असे हवेत. काचेचे, ॲल्युमिनियमच्या चौकटीचे १०० वॅटचे पॅनल साधारण अर्धा चौरस मीटर जागा घेते आणि ६ ते ८ किलो भरते. लवचिक पॅनल २ किलोच्या आसपास असते आणि वाकड्या पृष्ठभागावर बसते. पण डेकला चिकटवले की खालून हवा खेळत नाही, ते तापते, वाकण्याने घटांना तडे जातात. जिथे काचेचे बसू शकते तिथे लवचिक घेऊ नये. काचेच्या पॅनलखालीही दोन-तीन बोटे फट ठेवावी.

कंट्रोलर दोन प्रकारचे. पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, त्यामुळे १८ व्होल्टला ५.६ अँपिअर देणाऱ्या १०० वॅटच्या पॅनलमधून १३ व्होल्टला जेमतेम ७३ वॅट मिळतात. एमपीपीटी प्रकारचा जादा व्होल्टचे अँपिअर करून देतो. जागाच अपुरी असलेल्या नौकेवर एमपीपीटीचा जादा खर्च सार्थकी लागतो. ३५० वॅटला १४ व्होल्टवर २५ अँपिअर होतात, म्हणजे ३० अँपिअरचा कंट्रोलर पुरे. एकसरीत जोडताना थंड सकाळचे खुले (काहीही न जोडता मोजलेले) व्होल्टेज कंट्रोलरच्या कमाल मर्यादेच्या आत आहे ना, हे तपासावे. कारण थंडीत व्होल्टेज वाढते.

बॅटरीला दोन ढगाळ दिवसांची शिल्लक हवी. वरच्या नौकेसाठी ती १४० अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून २८० ची लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तेव्हा १७५ पुरते. शिसे-आम्ल बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. त्यासाठी तासन्‌तास इंजिन चालवणे परवडत नाही, पण सूर्य ते काम निमूटपणे करतो.

वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्यावी, साधे तांबे खाऱ्या हवेत आतून काळे पडते. कमानीपासून कंट्रोलरपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर आणि ११ अँपिअर प्रवाह असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाऊण व्होल्टहून थोडा जास्त जातो, ६ च्या वायरीत एक तृतीयांश व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. तीन किंवा अधिक पॅनल समांतर असतील तर प्रत्येकालाही वेगळा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी लावावी आणि मग पॅनल, सोडवताना उलट क्रमाने. पॅनलवर वाळलेले मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा गोड्या पाण्याने, सकाळी काच थंड असताना धुवावी.