तळ वेगळा, खातं वेगळं

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी नव्यानं फिरून येतो. कधी त्यात माझगाव असतं, कधी चेन्नई, कधी अंदमान. मजकूर एकच: सरकारनं अमेरिकेला तळ दिला. मग दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, बरं झालं, आता चीन जरा दबून राहील. दुसऱ्याला ईस्ट इंडिया कंपनी आठवते. तळ दिलाय हे मात्र दोघंही धरूनच चालतात. आमच्या विंगमध्ये मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक चीफ इंजिनिअर काका आहेत. निम्मं आयुष्य बोटीवर गेलेला माणूस. ते एवढंच विचारतात, "अरे, बोट डॉकला लागली म्हणजे काय तिथं घर घेतलं?"

घोळ इथंच आहे. परदेशी लष्कराचा तळ आणि परदेशी लष्कराला रसद पुरवायचा करार, या दोन गोष्टी बातमीत सारख्याच दिसतात. दोन्हीकडे परक्या झेंड्याचं जहाज असतं, गोरे खलाशी असतात, फोटोत हस्तांदोलन असतं.

आपण नवी मुंबईकर भाडेपट्ट्याला सरावलेले आहोत. खालची जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या पट्ट्यानं घेतलेली. पण दाराला कुलूप आपलं, आत कुणाला घ्यायचं तेही आपणच ठरवणार. तळ साधारण असा असतो. जमीन यजमान देशाची राहते, पण कुंपणाच्या आतला रोजचा कारभार पाहुण्याच्या हातात जातो. सैनिक कुटुंबासकट वर्षानुवर्षं राहतात, त्यांची शाळा, दवाखाना, दुकान आत असतं. त्यांच्यातल्या कुणी गुन्हा केला तर खटला कुणी चालवायचा, यासाठी वेगळा करार लागतो.

जपानचं ओकिनावा बघा. जपानच्या एकूण भूभागापैकी ओकिनावाचा वाटा जेमतेम ०.६ टक्के. पण जपानमध्ये निव्वळ अमेरिकी फौजांसाठी राखलेली जी जमीन आहे, तिचा सुमारे ७० टक्के भाग या एवढ्याशा बेटांवर आहे. बहारीनमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे, कतारमध्ये अल उदैदचा प्रचंड हवाई तळ. आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या माणसांना ही नावं बातम्यांच्या आधीपासून ठाऊक असतात. आणि सगळ्यांत चिवट भाडेकरू बघायचा तर क्यूबातला ग्वांतानामो. पट्टा १९०३चा. १९३४च्या कराराप्रमाणे दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय, किंवा अमेरिका आपणहून सोडून गेल्याशिवाय, तो संपत नाही. वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. कॅस्ट्रो सरकारनं १९५९मध्ये एक चेक वटवला आणि त्यानंतरचे घेतलेच नाहीत. मालक भाडं घेत नाही आणि भाडेकरू हलत नाही, हा पागडीचा तंटा मुंबईकराला वेगळा समजावून सांगायला नको.

आता खातं, म्हणजे रसदीचा करार. भारतानं अमेरिकेशी २९ ऑगस्ट २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये सही केलेल्या कराराला 'लेमोआ' म्हणतात. तेव्हा आपले संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर होते, तिकडचे अॅश्टन कार्टर. त्याआधी दहा-बारा वर्षं हा विषय रखडला होता, कारण 'उद्या तळच मागतील' ही धास्ती दिल्लीतही होती. प्रत्यक्ष करार वाचला तर तो किराणा दुकानातल्या खात्यासारखा आहे. इंधन, पाणी, अन्न, सुटे भाग, दुरुस्ती, औषधपाणी, बंदरातल्या सेवा, हे एकमेकांकडून घ्यायचं आणि हिशेब नंतर चुकता करायचा. पैशानं, नाहीतर तितक्याच मोलाच्या वस्तू-सेवेनं. कशासाठी? बंदरभेटी, संयुक्त सराव, प्रशिक्षण, आपत्तीतली मदत. याखेरीज काही हवं असेल तर प्रत्येक वेळी वेगळं विचारायचं. तळ उभारण्याची तरतूद यात नाही आणि कोणत्याही संयुक्त कारवाईचं बंधनही नाही, असं सही झाली तेव्हाच सरकारी निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं.

खातं दोन्ही बाजूंनी चालतं, हे मेसेज फिरवणाऱ्यांच्या गावी नसतं. सप्टेंबर २०२०मध्ये 'आयएनएस तलवार'नं उत्तर अरबी समुद्रात अमेरिकी टँकरकडून तेल घेतलं. त्याच महिन्यात अमेरिकेचं एक पी-८ गस्ती विमान पोर्ट ब्लेअरला इंधन भरून गेलं. आपल्याकडे गाजलं ते फक्त दुसरं.

दुरुस्तीचा मामला तर आणखी साधा. ऑगस्ट २०२२मध्ये 'चार्ल्स ड्रू' हे अमेरिकी नौदलाचं मालवाहू जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीला एल अँड टीच्या यार्डात दुरुस्तीला आलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझगाव डॉकनं अमेरिकी नौदलाशी दुरुस्तीचा करार केला आणि आमच्या ग्रुपला मुंबईतच तळ दिसू लागला. काकांच्या भाषेत सांगायचं तर गॅरेजवाल्याकडे गाडी लावली म्हणजे गॅरेज आपलं होत नाही. उलट बिल आपल्यालाच येतं.

असं खातं आपण एकट्या अमेरिकेकडेच उघडलंय, असंही नाही. फ्रान्स, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशी आहे. २०२५मध्ये रशियाशीही असाच करार झाला. तेव्हा रशियाला तळ दिल्याचा मेसेज काही माझ्याकडे आला नाही.

म्हणून खातं म्हणजे किरकोळ व्यवहार आणि तळ म्हणजे खरी सत्ता, असंही समजू नये. इथं गोष्ट जरा गुंतागुंतीची होते, आणि ती समजायला फिलिपिन्ससारखा देश नाही. तिथं एकाच जमिनीवर दोन्ही प्रकार होऊन गेलेत.

१९४७च्या करारानं अमेरिकेला तिथले तळ ९९ वर्षांसाठी मिळाले होते. १९६६मध्ये मुदत कमी करून ती १९९१पर्यंत आणली गेली. सुबिक बेचं नाविक ठाणं आणि क्लार्कचा हवाई तळ म्हणजे अमेरिकेबाहेर अमेरिकेचे सर्वांत मोठे अड्डे होते. सुबिकच्या बळावर अख्खं एक शहर पोट भरत होतं. जून १९९१मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि क्लार्क राखेखाली गेला. मग १६ सप्टेंबरला फिलिपिन्सच्या सिनेटनं नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सुबिकवरचा अमेरिकी झेंडा उतरला. सिनेटनं महासत्तेला घर खाली करायला लावलं, हे त्यांच्याकडे आजही अभिमानानं सांगतात.

पण मग २०१२मध्ये दक्षिण चीन समुद्रातलं स्कारबोरो शोल हे खडकांचं वेटोळं चीनच्या ताब्यात गेलं आणि मनिलात पुन्हा हिशेब सुरू झाला. १९८७च्या राज्यघटनेनं तहाशिवाय परदेशी तळांना बंदी घातलेली. तेव्हा २०१४मध्ये निघाला तो प्रवेशाचा करार: जागा फिलिपिन्सच्या सैन्याच्याच, अमेरिकेनं तिथं गोदामं, धावपट्ट्या बांधायच्या, सामान ठेवायचं, सैनिकांनी आलटून पालटून यायचं. प्रकरण कोर्टात गेलं; २०१६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं करार वैध ठरवला. अशा जागा आधी पाच होत्या, २०२३मध्ये नऊ झाल्या, आणि नव्यांपैकी तीन लुझोन या मुख्य बेटाच्या उत्तर भागात, तैवानच्या दिशेनं. मधल्या काळात २०२०मध्ये अध्यक्ष दुतेर्ते यांनी अमेरिकी सैनिकांच्या भेटीचा करारच रद्द करण्याची नोटीस दिली आणि दीड वर्षानं ती मागे घेतली. एका माणसाच्या मर्जीवर सगळं हेलकावे खात होतं.

आता एप्रिल २०२४ची गोष्ट. अमेरिकेनं 'टायफॉन' हे मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचं प्रक्षेपक सरावासाठी उत्तर लुझोनमध्ये आणलं. सराव संपला, प्रक्षेपक तिथंच राहिलं. चीननं निषेध केला, तरीही राहिलं. कागदावर हा तळ नाही, पाहुणा आहे. पण पाहुण्यानं बॅग उघडून कपडे कपाटात लावले तर त्याला काय म्हणायचं, हे कागद सांगत नाही.

महासत्तेची चाल बदलतेय ती इथं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं तळ बांधले, कारण तिला सगळीकडे कायमचं असणं परवडत होतं आणि यजमानांनाही ते हवं होतं. आता एका मोठ्या तळात सगळं ठेवलं तर ते क्षेपणास्त्रांचं ठळक निशाण होतं. जून २०२५मध्ये इराणनं अल उदैदवरच मारा केला. शिवाय यजमानही पूर्वीसारखे नाहीत. किर्गिझस्ताननं २०१४मध्ये मनासचा अमेरिकी तळ बंद करवला. नायजरमध्ये लष्करी राजवट आली आणि २०२४मध्ये अमेरिकी सैन्याला आगादेझचा नवाकोरा हवाई तळ सोडून जावं लागलं. म्हणून अनेक ठिकाणी थोडं थोडं खातं उघडायचं, हा मार्ग. स्वस्त, विखुरलेला, कमी डोळ्यांत खुपणारा.

पण नेमक्या गरजेच्या दिवशी दुकानदार 'आज माल नाही' म्हणू शकतो. आपणच म्हटलंय. १९९१च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारनं अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं होतं, तेही कसलाच करार नसताना. गदारोळ झाला, काँग्रेसनं सरकारचा पाठिंबा काढून घेण्याचा धाक दाखवला आणि फेब्रुवारीत ती सोय थांबली. तुर्कस्तान तर नाटोचा सदस्य, तिथं अमेरिकी फौजा दशकानुदशकं. तरी १ मार्च २००३ला तिथल्या संसदेत इराकवर उत्तरेकडून चढाई करायला वाट देण्याचा ठराव अडला. बाजूनं मतं जास्त पडली होती, पण आवश्यक बहुमत झालं नाही. अमेरिकेच्या एका अख्ख्या डिव्हिजनचं सामान घेऊन जहाजं तुर्की किनाऱ्याबाहेर थांबली होती. ती वळवून कुवेतला न्यावी लागली. म्हणजे तळ असला तरी प्रत्येक दार उघडंच असतं असं नाही.

माझी स्वतःची कसोटी आता एकच: पुढच्या वेळी येताना विचारावं लागतं का? झेंडा, खलाशांची संख्या, जहाजाचा आकार हे सगळं त्यापुढे गौण.

ही कसोटी हाताशी नसली की काय होतं त्याची गंमत आपल्या शेजारीच आहे. न्हावा शेवा बंदरातली दोन टर्मिनलं दुबईची कंपनी चालवते, एक सिंगापूरची. त्यावर उरणच्या लोकलमध्ये कधी कुणी भांडलेलं मी ऐकलं नाही. २००६मध्ये याच दुबईच्या डीपी वर्ल्डकडे अमेरिकेतली काही टर्मिनलं आली, तेव्हा मात्र तिकडच्या काँग्रेसनं सुरक्षेचा असा गहजब केला की कंपनीला ती विकावी लागली. जगभर तळ बाळगणारा देश कंटेनर उचलणाऱ्या क्रेनला घाबरला.

हे सगळं मी ग्रुपवर एकदाचं लिहून टाकलं. लांब मेसेज वाचतं कोण, तरी एकीनं वाचला. तिनं विचारलं, "मग मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण २०२४मध्ये तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेट्टी बांधून दिली, ते काय? मॉरिशस म्हणतं तळ नाही." मी काही टाइप करायच्या आतच काकांचा रिप्लाय आला:

"आपलं विमान उतरण्याआधी त्यांना विचारतं का, ते बघ. मग मला सांग."