समानुभवी मदतनीसांचे प्रमाणीकरण (अमेरिका)

मानसिक आजारातून किंवा व्यसनातून स्वतः गेलेल्या माणसाला, त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला सोबत करण्याच्या पगारी कामासाठी मिळणारी राज्यमान्य पात्रता. अशा मदतनीसाला ‘पीअर स्पेशालिस्ट’ किंवा ‘रिकव्हरी कोच’ म्हणतात. नाव राज्यागणिक बदलते. तो निदान करत नाही, गोळ्यांबद्दल सल्ला देत नाही. तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वयंसहायता गटातला स्पॉन्सरही (नव्याला सांभाळणारा जुना सदस्य) नव्हे, त्यामुळे त्या गटाच्या बारा पायऱ्यांचा आग्रह धरणे त्याच्या कामात बसत नाही.

प्रमाणपत्राची गरज पडली ती या कामाचे बिल विम्याकडे लावण्यापायी. जॉर्जिया राज्याने 1999 मध्ये हे काम मेडिकेड या अल्प उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यात बसवले आणि 2001 मध्ये प्रमाणपत्रे देणे सुरू केले. ऑगस्ट 2007 मध्ये केंद्राने सर्व राज्यांना पत्र पाठवून तीन अटी घातल्या : सक्षम व्यावसायिकाची देखरेख, रुग्णाच्या उपचार-आराखड्याशी सांगड, आणि प्रशिक्षण व प्रमाणपत्र. ही तिसरी अट कशी पुरी करायची ते राज्यांवर सोपवले गेले. परिणामी एका राज्यातले प्रमाणपत्र शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही.

तासांचे हिशेबही वेगवेगळे. कॅलिफोर्नियात 2020 च्या कायद्यानंतर 80 तासांचे प्रशिक्षण ठरले. अनेक राज्ये वापरतात त्या आयसी अँड आरसी या व्यसन-उपचार क्षेत्रातली प्रमाणपत्रे ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकात 46 तासांचे शिक्षण, 500 तासांचे काम, 25 तासांची देखरेख आणि 75 बहुपर्यायी प्रश्नांची दोन तासांची परीक्षा आहे. 500 तास बिनपगारी भरायचे तर भाडे कुठून भरणार, या अडचणीपायी होतकरू उमेदवार गळतात. साम्सा या मानसिक आरोग्य व व्यसन-उपचार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने 2023 च्या नमुना मानकांत प्रशिक्षण 40 ते 60 तास आणि अनुभव 120 तास सुचवला आहे. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही.

त्या 46 तासांपैकी 16 केवळ नीतिमर्यादांसाठी राखलेले असतात, आणि ते जास्त नाहीत. या कामाचे हत्यार म्हणजे स्वतःची कहाणी. तिला धार लावावी लागते तशी म्यानही लागते. अर्ध्या तासाची कहाणी दोन मिनिटांत आणताना ‘किती प्यायचो’ हे गाळायचे आणि ‘पहिला आठवडा कसा काढला’ हे ठेवायचे, कारण पहिल्याने ऐकणाऱ्याची तलफ चाळवू शकते. दुसरा पेच लहान गावातला. गावात व्यसन सोडणाऱ्यांची मीटिंग एकच, आणि सोमवारी ज्याच्यासोबत कामावर बसलो तोच गुरुवारी शेजारच्या खुर्चीत. तिथे मदतनीस स्वतःच्या आधारासाठी आलेला असतो, ड्यूटीवर नसतो. हे आधीच बोलून घेतले नाही तर दोघांपैकी एक मीटिंगला यायचा थांबतो.

बिल 15 मिनिटांच्या एककात होते, म्हणून लिहिणेही शिकावे लागते. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हा शेरा चुकीचा. ‘अपॉइंटमेंटला गेला नाही, बसला सुटे पैसे नव्हते’ ही नोंद कामाची. नवखा मदतनीस डॉक्टरी भाषा उचलतो आणि महिन्याभरात कनिष्ठ समुपदेशकासारखा वागू लागतो. उलट टोकाला, काम समजून न घेणारा वरिष्ठ त्याला ड्रायव्हर किंवा कारकून करून टाकतो.

सर्वांत विचित्र अडसर पोलीस रेकॉर्डचा. जो भूतकाळ पात्रता म्हणून मागितला जातो, त्यातलाच जुना ड्रग्जचा गुन्हा नोकरीच्या वेळी आडवा येतो. पुन्हा व्यसनाकडे घसरण झाली तर काय, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. लगेच प्रमाणपत्र काढून घेण्याची भीती असली की माणूस ते लपवतो. रजा, उपचार आणि परतीची वाट लेखी असेल तर सांगतो.

महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना 1986) बरे झालेले रुग्णमित्र पुढे तिथेच काम करतात, ही परंपरा जुनी आहे. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत समानुभवी मदतनीसाचा समावेश नाही.